रोमानिया : एक चर्च नव्हे, अनेक चर्चं. आणि त्यांच्या चढाओढीतून आलेली पुस्तकं, शाळा, राजकारण

निवडुंग

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की रोमानियात ऑर्थोडॉक्स (पोपला न मानणाऱ्या, पूर्वेकडच्या ख्रिस्ती) चर्चनेच भाषा टिकवली, शाळा काढल्या, राष्ट्र घडवलं. तिथे माझा प्रतिसाद फारच लांबायला लागला म्हणून हा वेगळा धागा. (ड्रॅक्युलावर लिहायला आलेल्यांनी कृपया दुसरा काढा.)

माझं म्हणणं जरा निराळं आहे. रोमानियन माणसाच्या हातात छापील पुस्तक, गावात शाळा आणि डोक्यात 'आपण कोण' हा प्रश्न ख्रिस्ती धर्मामुळे आला, हे खरंच. पण हे कुण्या एका चर्चने काढून दिलेलं नाही. एकमेकांच्या कळपातली मेंढरं पळवायला निघालेल्या चर्चांच्या चढाओढीत ते लोकांच्या पदरात पडलं.

२०२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या साधारण १ कोटी ९० लाख, त्यातले १ कोटी ४० लाख ऑर्थोडॉक्स. भाषा लॅटिनपासून निघालेली. तरीही चर्चमध्ये कित्येक शतकं उपासना चालायची ती चर्चच्या जुन्या स्लाव्ह भाषेत, आणि लिपी सिरिलिक. रोमानियन भाषेतलं सर्वांत जुनं उपलब्ध लिखाण १५२१ चं. तेही धार्मिक नाही. न्याक्शू नावाच्या व्यापाऱ्याने ब्राशोवच्या नगरप्रमुखाला तुर्कांच्या हालचालींची खबर कळवलेलं पत्र आहे.

आता ब्राशोव. ट्रान्सिल्व्हेनियातलं शहर, जर्मन सॅक्सनांचं. होन्टेरस या विद्वानाने तिथे छापखाना आणि शाळा काढली, आणि शहर लुथरन झालं. रोमानियन लोकांना तटाच्या आत घर करायची मुभा नव्हती. ते वेशीबाहेर श्केई नावाच्या वस्तीत राहायचे. लुथरन मंडळींचा आग्रह असा की देवाचं वचन लोकांना कळेल अशा भाषेत पोचलं पाहिजे (आणि जमल्यास लोकही आपल्यात आले पाहिजेत). त्यासाठी नगरप्रमुख हान्स बेन्कनर यांनी पैसा पुरवला, आणि तर्गोविश्तेहून आलेल्या कोरेसी नावाच्या ऑर्थोडॉक्स डीकनने (पाद्र्याच्या खालच्या पायरीवरचा सेवक) १५६१ मध्ये चार शुभवर्तमानं रोमानियनमध्ये छापली. पैसा लुथरन, कारागीर ऑर्थोडॉक्स, वाचक वेशीबाहेरचे. लुथरन कुणी फारसं झालं नाही. पुस्तकं मात्र राहिली. श्केईतल्या संत निकोलसच्या चर्चच्या आवारात 'पहिली रोमानियन शाळा' म्हणून संग्रहालय आहे, तिथे कोरेसीची पुस्तकं बघायला मिळतात.

पुढची खेप कॅल्विनिस्टांची, म्हणजे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाची. ट्रान्सिल्व्हेनियाचे राजे तेव्हा हंगेरियन कॅल्विनपंथी. त्यांच्या आश्रयाने १६४८ मध्ये आल्बा युलियाला रोमानियन नवा करार छापला गेला. त्याची प्रस्तावना आहे ऑर्थोडॉक्स मेट्रोपॉलिटन (थोरले बिशप) सिमियोन श्तेफान यांच्या नावाची. ते म्हणतात, आपले लोक सगळ्या मुलखांत एकसारखं बोलत नाहीत. शब्द नाण्यांसारखे असतात, जे सगळीकडे चालतात ते चांगले. ट्रान्सिल्व्हेनिया, वालाकिया आणि मोल्डाव्हिया अशा तीन वेगवेगळ्या राज्यांत विखुरलेल्या लोकांसाठी एकच लेखी भाषा हवी, हा विचार १६४८ मध्ये, आणि तो एका धर्मग्रंथाच्या प्रस्तावनेत!

संपूर्ण बायबल आलं १६८८ मध्ये, बुखारेस्टला, वालाकियाचा राजा शर्बान कान्ताकुझिनो याच्या पुढाकाराने. जुन्या कराराच्या अनुवादाला आधार होता निकोलाय मिलेस्कूच्या कामाचा. हा गृहस्थ पुढे रशियाच्या झारचा राजदूत म्हणून थेट चीनला जाऊन आला. त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

आणि ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी भिंती होत्या. मोल्डाव्हियात श्तेफान चेल मारे म्हणजे थोरल्या श्तेफान राजाने १४८८ मध्ये व्होरोनेतचा मठ चार महिन्यांच्या आत उभा केला. बाहेरच्या भिंती रंगवल्या त्या १५४७ मध्ये. पश्चिमेची अख्खी भिंत एकाच चित्राने व्यापली आहे, अंतिम न्यायाच्या. वर देवदूत आकाशाचा कागद राशिचक्रासकट गुंडाळतायत. मध्ये सिंहासनापाशी उगम पावलेली लाल आगीची नदी उजवीकडे खाली नरकात उतरते. खाली जंगली जनावरं आपण खाल्लेल्या माणसांचे हातपाय तोंडात धरून परत द्यायला आली आहेत, कारण मेलेल्यांना उठायचं तर अवयव पुरे हवेत. तुतारी फुंकणाऱ्या देवदूताच्या हातात बुचुम आहे, कार्पेथियन डोंगरातल्या मेंढपाळांचं लांबलचक लाकडी शिंग. आणि दोषींच्या रांगेत फेटेवाले तुर्क. गावच्या शेतकऱ्याला धर्म आणि परराष्ट्र धोरण दोन्ही एकाच भिंतीवर. उत्तरेची भिंत मात्र वारापावसाने जवळजवळ धुऊन गेली आहे.

विसाव्या शतकाबद्दल मुद्दाम लिहिलेलं नाही. ते प्रतिसादांत येईलच, मला खात्री आहे.

अर्धा चहा

झकास धागा. एक बाळबोध प्रश्न : भाषा लॅटिन, नावातच रोम, मग हे लोक कॅथलिक का नाहीत?

निवडुंग

बाळबोध अजिबात नाही, तिथले लोकही यावर वाद घालतात. लॅटिन भाषा आली रोमन सैन्य आणि वसाहतींबरोबर, इसवी सन १०६ मध्ये ट्रेजनने डेशिया जिंकल्यावर. चर्चची संघटना मात्र पुढे बायझंटाईन जगाच्या आणि शेजारच्या बल्गेरियाच्या प्रभावाखाली घडली. जिथून बिशप आले तिथली पूजापद्धत, तिथली लिपी.

अवांतर : काळ्या समुद्राकाठचा दोब्रुजा हा भाग फार आधी ख्रिस्ती झाला. सहाव्या शतकात रोमला जाऊन राहिलेला डायोनिसियस एक्झिग्युअस हा साधू तिथलाच. ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची पद्धत त्याने काढली. आत्ता वर 'इसवी सन १०६' लिहिलं ते त्याच्याच हिशेबाने.

खवचट आजोबा

लेख चांगला आहे, पण फार गोडगोड झालाय. चर्चची आणि मठांची दुसरी मिळकत कुठे गेली? मी माणसांबद्दल बोलतोय. १३८५ चा दस्तऐवज आहे : वालाकियाच्या राजाने तिस्माना मठाच्या नावे रोमा (जिप्सी) लोकांची चाळीस कुटुंबं कायम केली. जमीन द्यावी, गिरणी द्यावी, तशी माणसं. पुढे साडेचार शतकं मठांकडे रोमा गुलाम होते. मोल्डाव्हियात मठांचे गुलाम मुक्त झाले १८४४ मध्ये, वालाकियात १८४७ मध्ये, आणि खाजगी मालकांचे त्याहून उशिरा, १८५५-५६ मध्ये. म्हणजे मठात एकीकडे छापखाना आणि दुसरीकडे हे.

शिवाय ज्या मेट्रोपॉलिटनांची छपाईसाठी वाहवा होते त्या आन्तिम इविरेआनुलची कथा बघा. मूळचा जॉर्जियाचा, स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. वालाकियात आला, सर्वोत्तम मुद्रक ठरला, सीरियाकडच्या ख्रिस्ती लोकांसाठी १७०१ मध्ये स्नागोवला अरबी अक्षरांतलं पूजेचं पुस्तक छापलं, आणि १७१६ मध्ये मारला गेला. त्याच्यासारख्याने गुलामी जवळून पाहिली होती. मठांच्या गुलामांचं काही बदललं नाही.

पाटीपेन्सिल

आजोबांशी सहमत, आणि शाळांच्या श्रेयाबद्दलही थोडं बोलते. गेओर्गे लाझार हे ट्रान्सिल्व्हेनियातून आलेले, धर्मशास्त्र शिकलेले शिक्षक. त्यांनी १८१८ मध्ये बुखारेस्टला संत साव्हा मठाच्या जागेत रोमानियन माध्यमातून उच्च शिक्षण सुरू केलं. तोवर तिथल्या बड्या घरच्या मुलांचं शिक्षण ग्रीकमधून. इथवर चर्च.

पण शाळा सगळ्यांसाठी झाल्या त्या चर्चच्या मिळकतीला हात घातल्यावर. वालाकिया आणि मोल्डाव्हिया एकत्र आल्यावरचे राज्यकर्ते आलेक्सान्द्रू योआन कुझा यांच्या सरकारने १८६३ मध्ये मठांच्या जमिनी सरकारजमा केल्या. देशातली सुमारे पाव जमीन! त्यातल्या बऱ्याच मठांचं उत्पन्न माउंट अॅथोस आणि जेरुसलेमला जात असे. पाठोपाठ १८६४ चा कायदा : प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं. सिरिलिक लिपी जाऊन लॅटिन लिपी आली तीही याच सुमारास. कागदावरची सक्ती गावापर्यंत पोचायला बराच काळ लागला, हे आपल्याला काही नवं नाही.

निवडुंग

दोघांचंही बरोबर. गुलामीवर मी लिहायला हवं होतं असं नाही म्हणत, पण धाग्यात ती आली हे बरं झालं. तिच्याशिवाय मठांचं अर्थकारण कळतच नाही. लाझार ट्रान्सिल्व्हेनियातूनच का आले याचं उत्तर मात्र तिथल्याच ब्लाज या गावात आहे.

सतराव्या शतकाच्या शेवटी ट्रान्सिल्व्हेनिया ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याकडे गेला. तिथे चार पंथ 'मान्य' होते : कॅथलिक, लुथरन, कॅल्विनिस्ट, युनिटेरियन. रोमानियन शेतकरी ज्या ऑर्थोडॉक्स पंथाचे, तो नुसता चालवून घेतलेला. व्हिएन्नाने देऊ केलं की पोपला माना, बाकी पूजाविधी तुमचेच ठेवा, तुमच्या पाद्र्यांना कॅथलिक पाद्र्यांचे हक्क मिळतील. १६९८ ते १७०० या काळात बिशप आतानासिये आंगेल यांनी ते मान्य केलं आणि ग्रीक कॅथलिक चर्च जन्माला आलं. हक्क पुरते मिळाले नाहीतच. पण पोरांना रोम आणि व्हिएन्नाला शिकायला जायची वाट मिळाली. १७५४ मध्ये ब्लाजला शाळा उघडल्या. तिथून शिकून निघालेले सामुइल मिकू, गेओर्गे शिनकाय, पेत्रू मायोर यांनी रोम-व्हिएन्नाला जाऊन जुने ग्रंथ उपसले आणि ते घरी येऊन सांगायला लागले की आपण रोमनांचे वंशज, आपली लिपी लॅटिन हवी. राष्ट्रवादाची सुरुवात अशी पाद्र्यांच्या वर्गात झाली.

वसईची मासोळी

आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे हे वाचताना मजा येतेय. म्हणजे हे लोक पोपला मानणार, पण मिस्सा रोमानियनमध्ये? आमच्याकडे आजीच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, मराठी आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात. आणि त्यांचे फादर लग्न करतात म्हणे, ते खरं का?

निवडुंग

हो मासोळीताई, दोन्ही खरं. दीक्षेआधी लग्न झालेला माणूस पाद्री होऊ शकतो. बिशप मात्र अविवाहितच. पूजा आधीसारखीच, तीच आयकॉनं (संतांची पूजेतली चित्रं), तेच धूप. रविवारी आत गेलेल्या परक्याला हे चर्च ऑर्थोडॉक्स की ग्रीक कॅथलिक हे पोपचं नाव प्रार्थनेत येईपर्यंत कळणार नाही.

खवचट आजोबा

आणि ज्यांनी पोपला मानायला नकार दिला त्यांचं? १७६१ मध्ये जनरल बुकोव नावाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने ट्रान्सिल्व्हेनियातले ऑर्थोडॉक्स मठ तोफा लावून पाडले, हेही त्याच 'शिकायच्या वाटे'वरचं. चढाओढ म्हणे!

निवडुंग

पाडले. सोफ्रोनिये या साधूच्या मागे शेतकरी उठले होते, त्याची ती शिक्षा. आणि त्याच उठावामुळे व्हिएन्नाला ऑर्थोडॉक्सांना पुन्हा बिशप द्यावा लागला. साधारण ऐंशी-नव्वद वर्षांनी त्याच गादीवर आंद्रेई शागुना आले. त्यांनी गावोगावी चर्चच्या शाळा उभ्या केल्या, ब्राशोवला रोमानियन माध्यमिक शाळा काढवली, १८५३ मध्ये सिबियूला 'तेलेग्राफुल रोमान' वृत्तपत्र सुरू केलं, ते आजही निघतं. ब्लाजला शाळा नसत्या तर ऑर्थोडॉक्सांना इतकी घाई झाली असती का, हा माझा प्रश्न. १८६१ मध्ये दोन्ही पंथांनी मिळून 'आस्त्रा' ही सांस्कृतिक संस्था काढली. अध्यक्ष शागुना, उपाध्यक्ष ब्लाजचे ग्रीक कॅथलिक पाद्री तिमोतेई चिपारियू. भांडून भांडून शेवटी एका सतरंजीवर.

क्लुजवासी

उशिरा येतोय. क्लुजमध्ये नोकरीनिमित्त राहतो, म्हणून इतिहासाऐवजी रोजचं लिहितो.

ट्राममध्ये बसलो की चर्च जवळ आल्याचं खिडकीबाहेर न बघता कळतं. अर्धा डबा तीनदा क्रूसाची खूण करतो, त्यात कानात हेडफोन घातलेली कॉलेजची पोरंही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला दोन वेगळ्या जागा असतात, एकावर लिहिलेलं 'जिवंत', दुसऱ्यावर 'मृत'. शेजारच्या आजी चिठ्ठीवर नावं लिहून पाद्र्याला देतात, तीही दोन रकान्यांत. चुकून भलत्या रकान्यात नाव गेलं तर काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सोडा. मृतांच्या नावाने शिजवलेलं अन्न वाटायची रीत आहे, तिला पोमाना म्हणतात. आपल्या श्राद्धाच्या पानाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्यात गव्हाची गोड कोलिवा हवीच.

सप्टेंबरात शाळा सुरू होताना बऱ्याच ठिकाणी पाद्री येऊन आशीर्वाद देतो. सरकारी शाळेत धर्म हा विषय आहे, राज्यघटनेतच त्याची हमी आहे. ऑर्थोडॉक्स मुलाला ऑर्थोडॉक्स, कॅथलिकाला कॅथलिक. आणि इथल्या बाबेश-बोयाय या सरकारी विद्यापीठात धर्मशास्त्राच्या चार फॅकल्टी आहेत : ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक, रोमन कॅथलिक आणि रिफॉर्म्ड (म्हणजे कॅल्विनिस्ट). निवडुंगताईंचा सिद्धांत इथे सरकारी पगारावर नांदतोय म्हणा. पाद्र्यांच्या पगारातही सरकारचा वाटा असतो, सर्व मान्य पंथांच्या.

अर्धा चहा

कम्युनिस्टांच्या राज्यात हे सगळं कसं काय टिकलं? शेजारी सोव्हिएत संघात तर चर्चांचा फडशा पाडला होता.

क्लुजवासी

सगळ्यांचं सारखं टिकलं नाही. १९४८ मध्ये ग्रीक कॅथलिक चर्च सरकारने बंदच करून टाकलं, चर्चं ऑर्थोडॉक्सांकडे दिली. बिशपांना अटक झाली, एकानेही पंथ बदलला नाही. त्यातल्या सात जणांना पोप फ्रान्सिस यांनी २ जून २०१९ रोजी ब्लाजला येऊन 'धन्य' घोषित केलं. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट पडल्यावर इमारती परत मागायची भांडणं सुरू झाली, ती कोर्टात वर्षानुवर्षं चालली आहेत. एकाच गावात दोन पाद्री, एक कुलूप.

ऑर्थोडॉक्स चर्च चालू राहिलं, पण किंमत मोजून. शाळेतून धर्म गेला. १९५९ च्या फर्मानाने हजारो साधू-साध्वींना मठाबाहेर काढलं. स्तानिलोआये यांच्यासारखे धर्मशास्त्रज्ञ तुरुंगात होते. आणि वरिष्ठ मंडळी राज्यकर्त्यांशी जुळवून घेत राहिली, गुप्त पोलिसांना खबरा देणारेही त्यांत निघाले. ऐंशीच्या दशकात कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूने बुखारेस्टचा जुना भाग पाडला, त्यात व्हाकारेश्तचा मोठा मठ गेला. काही चर्चं वाचली ती येउजेनियू योर्दाकेस्कू या इंजिनिअरमुळे : पायाखाली काँक्रीटची चौकट घालून अख्खी इमारत रुळांवरून सरकवायची. मिहाय व्होदा चर्च १९८५ मध्ये असं २८९ मीटर सरकवलं. आज ते सिमेंटच्या इमारतींच्या मागे उभं आहे.

वसईची मासोळी

चर्च रुळावरून! आणि डिसेंबर १९८९ चं?

निवडुंग

राजवट उलथवणाऱ्या त्या उठावाची ठिणगी तिमिशोआरा शहरात पडली. लास्लो टोकेश या पाद्र्याला घरातून बाहेर काढायला पोलीस आले आणि लोक त्याच्या दाराशी जमले, आधी त्याच्या चर्चचे, मग रोमानियन शेजारीही. तो हंगेरियन रिफॉर्म्ड, म्हणजे पुन्हा कॅल्विनिस्टच. फक्त नोंद करते.

खवचट आजोबा

तुमची नोंद झाली, आता माझी घ्या. दोन युद्धांमधला काळ कुणीच घेतला नाही. १९२७ मध्ये कोद्रेआनूने 'आर्चएंजल मायकलचा लीजन' काढला. हातात आयकॉन, गळ्यात मातीची पिशवी, आणि तोंडी ज्यूद्वेष. खेड्यातले कितीतरी पाद्री त्यात होते. ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क मिरोन क्रिस्तेआ यांनीही ज्यूंविरुद्ध जाहीर वक्तव्यं केली आणि १९३८ मध्ये ते चक्क पंतप्रधान झाले. जून १९४१ मध्ये याश शहरात हजारो ज्यू मारले गेले, ते युद्धकाळातला हुकूमशहा आन्तोनेस्कूच्या राजवटीत. हत्या चर्चने केल्या असं नाही. पण ती भाषा प्रवचनांतून मुरली होती. २०२४ मध्ये चर्चने १६ जणांना संत ठरवलं, तेव्हा त्यांतल्या काहींच्या लीजनशी असलेल्या संबंधावरून आक्षेप आलेच. याच याशमध्ये दर १४ ऑक्टोबरला संत पारास्केव्हाच्या अवशेषांसाठी किलोमीटरच्या किलोमीटर रांग लागते. लोक रात्रभर उभे राहतात. तीही श्रद्धा खरी, हेही खरं.

पाटीपेन्सिल

आणि ते मोठं कॅथेड्रल? 'कॅथेड्रलं नकोत, इस्पितळं हवीत' अशा घोषणा बातम्यांत वाचल्या होत्या.

क्लुजवासी

बुखारेस्टचं राष्ट्रीय कॅथेड्रल. चाउशेस्कूच्या त्या अगडबंब राजवाड्याच्या मागेच, सुमारे १२० मीटर उंच. २५ नोव्हेंबर २०१८ ला वेदीची प्रतिष्ठापना झाली. सरकारी पैसाही लागला, म्हणून राग. ऑक्टोबर २०१५ मध्ये कोलेक्तिव्ह नाइटक्लबला आग लागून ६४ लोक गेले, कितीतरी जण इस्पितळातल्या संसर्गाने. तेव्हा ही घोषणा रस्तोरस्ती होती. सरकार पडलं.

पण एवढ्यावरून देश निधर्मी झाला असं समजू नका. २०१४ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की धर्माचा तास नको असेल त्याने अर्ज करायचा हे उलटं आहे, हवा असेल त्याने अर्ज करावा. सगळ्यांना वाटलं वर्ग ओस पडतील. २०१५ च्या सुरुवातीला नऊ-दशांशाच्या आसपास मुलांचे अर्ज आले.

खवचट आजोबा

आणि ऑक्टोबर २०१८ चं सार्वमत? लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री असं घटनेत लिहायचं होतं. तीस लाख सह्या, चर्चचा पाठिंबा, दोन दिवस मतदान. ३० टक्के हवे होते, आले २१. नऊ-दशांश लोक रविवारी कुठे होते?

क्लुजवासी

चर्चमध्ये होते आजोबा, मतदानाला गेले नाहीत. माझ्या ऑफिसात तेव्हा विचारलं होतं. मुलीच्या धर्माच्या तासाचा अर्ज भरणारी बाई म्हणाली, शिक्षिका चांगली आहे, नाताळची गाणी शिकवते, सगळ्यांच्या पोरी जातात. मतदानाचं विचारलं तर म्हणाली, ते राजकारण्यांचं होतं. त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाच्या नेत्यावर खटले चालू होते, त्याला बळ मिळू नये म्हणून घरी बसलेले बरेच होते. नाताळात हीच बाई अख्ख्या टोळक्यासोबत दारोदार कोलिंदे म्हणजे नाताळची गाणी गात फिरते.

निवडुंग

२०१४ चं राष्ट्राध्यक्षपदही आठवा. एका उमेदवाराने प्रचारात आपण ऑर्थोडॉक्स असल्याचं ठासून सांगितलं, आणि निवडून आले क्लाउस योहानिस : सिबियूचे सॅक्सन, लुथरन. शपथेच्या शेवटी 'देव मला साहाय्य करो' हे घटनेतलं वाक्य आहे, ते त्यांनीही म्हटलं.

अर्धा चहा

शेवटचा प्रश्न, स्वार्थी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये माझा भाचा युक्रेनमधून सिरेतच्या नाक्याने बाहेर पडला, बुखारेस्टहून मुंबईला आला. त्याला आता तिकडे नीट फिरायला जायचंय. ही रंगीत चर्चं तिथून लांब आहेत का?

निवडुंग

अजिबात नाही, सिरेत त्याच सुचाव्हा जिल्ह्यात येतं. सुचाव्हाला मुक्काम करा म्हणावं. व्होरोनेत, हुमोर, मोल्दोव्हित्सा, सुचेव्हित्सा ही चारही एका गाडीत होतात, पण दोन दिवस ठेवावेत. मोल्दोव्हित्साला १५३७ मधलं कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्याचं चित्र आहे, तटाबाहेर चक्क तोफा. मठ चालू आहेत, साध्वी राहतात, तेव्हा अर्धी चड्डी घालून जाऊ नये. आणि व्होरोनेतला दुपारनंतर जावं. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन तेव्हाच येतं.